साडेतीन वर्षांचा मुक्काम

पेटी, गादी, बादली, पुस्तकांची दोन पोती, वसतिगृहातलं सगळं सामान आदल्या दिवशीच गावाकडच्या पिकअपमधून गेलं होतं. कीटकांचा डबा मात्र मी त्यात ठेवू दिला नाही. तो टॉवेलमध्ये गुंडाळला, मांडीवर घेतला आणि परभणीहून जिंतूर, जिंतूरहून येलदरीमार्गे सेनगाव असा एसटीनं प्रवास केला. खड्डा आला की दोन्ही हातांनी डबा वर उचलून धरायचा. वरचं झाकण काचेचं आणि आतल्या किड्यांचे पाय केसासारखे. एक जरी दणका नीट बसला असता तरी तीन वर्षांची मेहनत तळाला जाऊन पडली असती.

शेजारच्या आजींनी धरणाची भिंत दिसेपर्यंत धीर धरला. मग विचारलं, "काय हाय गं माय त्याच्यात? देवाचा फोटो हाय का?"

मी टॉवेल बाजूला केला. आजी आधी दचकल्या, मग चष्मा सावरून एकेक किडा बघायला लागल्या. लाल-काळ्या पट्ट्यांच्या भुंग्यावर त्यांचं बोट थांबलं. "ह्यो आमच्या मुगाची फुलं खातो. हातानं धरू नई ह्याला. फोड येतो."

पुस्तकात त्याला ब्लिस्टर बीटल म्हणतात ते या फोडामुळेच. आजींना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. मला कळलं ते माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या मनगटावर फोड आला तेव्हा. त्याआधी मी त्या भुंग्याचं चित्र मोबाइलवर पाहिलं होतं, नाव पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

कृषीची डिग्री हातात आल्यापासून माझ्या मनात हेच घोळतंय. आम्ही शेती शिकलो ती वसतिगृहात मुक्काम केल्यामुळे शिकलो. हे मला ठामपणे म्हणता येतं, कारण घरून मोबाइलवर शिकणं आणि तिथं राहून शिकणं, आमच्या बॅचनं दोन्ही पाहिलं.

आमची २०२१ ची बॅच. कोरोनामुळे प्रवेश लांबले आणि पहिल्या सत्राचा बराचसा भाग घरीच मोबाइलवर गेला. आमच्या शिवारात रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, बांधावरच्या लिंबाखाली. (आमच्याकडे कडुनिंबाला लिंबच म्हणतात.) तिथं पोतं अंथरून बसायचं, कानात वायर घालायची, चार्जिंग संपेपर्यंत ऐकायचं. एकदा मातीचा तास चालू होता. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, हे सर सांगत होते आणि मी वहीत उतरवून घेत होते. माझा पाय तेव्हा त्याच मातीवर होता. खाली वाकून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. स्क्रीनवरून नजर हटली तर पुढचं वाक्य निसटेल, हीच धास्ती.

मग वसतिगृह सुरू झाल्याचा मेसेज आला आणि अण्णा, माझे वडील, मला सोडायला आले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं आमच्या घरात आधीपासून नाव होतं. आजोबा अजूनही मकृवि म्हणतात, मराठवाडा कृषी विद्यापीठ. २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव दिलं गेलं, पण जुनी माणसं जुनंच नाव घेतात. महाविद्यालय १९५६ चं, विद्यापीठ १८ मे १९७२ चं. दर १८ मे ला वर्धापनदिनाचा खरीप मेळावा भरतो आणि विद्यापीठाचं बियाणं विक्रीला निघतं. आजोबा त्या मेळाव्याला जाऊन बीडीएन ७११ तुरीची पिशवी घेऊन यायचे. अंगाखाली घ्यायचं धोतर आणि भाकरीचं फडकं बरोबर घेऊन आदल्या रात्रीच निघायचे. त्यामुळे "पोरगी मकृविला लागली" हे त्यांनी गावात कितीजणांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. जिंतूरच्या स्टँडवर कंडक्टरनं आमची पेटी पाहून "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं म्हटलं तेव्हा अण्णा हसले. मी रडत होते.

खोलीत तीन पलंग. एक उदगीरची, एक धारूरची, एक मी. वसतिगृहात नावं मागे पडतात आणि गावंच नावं होतात. "ए सेनगाव, बकेट दे गं" असं कुणी हाक मारून म्हटलं की मीच उठायची. पहिल्या आठवड्यात आम्हाला एकमेकींचं बोलणंसुद्धा धड कळत नव्हतं. उदगीर म्हणायची, "काय करूलालीस?" परभणीच्या मुली म्हणायच्या, "काय करायलीस?" आणि आमचं गाव वाशीमच्या बाजूचं, त्यामुळे माझ्या तोंडून निघायचं, "काय करून राहिलीस?" तिन्हींचा अर्थ एकच. मराठवाडा मराठवाडा आपण म्हणतो, पण त्याच्या आठही जिल्ह्यांची बोली मी पहिल्यांदा ऐकली ती पाण्याच्या नळावर, सकाळी सहाला, बादल्यांच्या रांगेत. सत्र संपेपर्यंत मी घरी फोनवर "येऊलालाव" म्हणायला लागले होते. माय विचारायची, "कोण बोलतंय?"

आता किड्यांचं सांगते.

कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकानं कीटकांचा संग्रह करायचा असतो. गोळा करायचे, मारायचे, सुईवर लावायचे, वाळवायचे, लेबल लावून डब्यात मांडायचे. ऐकताना सोपं वाटतं. आमचं हे सत्र पावसाळ्यात आलं. पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि लिंबावर, बाभळीवर बसतात. हे वर्गात सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी मेसच्या दारात आम्ही ताटं घेऊन उभ्या होतो आणि आवारातल्या लिंबाखाली टपटप आवाज यायला लागला. वरून भुंगेरे पडत होते. ताटं तशीच ठेवून पंधरा-वीस मुली धावल्या. कुणी ओढणीत धरतंय, कुणी रिकाम्या बरणीत. त्या रात्री जेवण गार झालं. आचारीमावशी रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्यांच्या दारातल्या पपईवरचा एक पतंग काडेपेटीत घालून आणून दिला.

व्हरांड्याच्या दिव्याखाली आम्ही पांढरी चादर टांगायचो. पाऊस पडून उघडला, वारा थांबला, हवा कोंदली की चादर भरून जायची. तुडतुडे, पतंग, नाकतोडे, कधी एखादा चतुर. किलिंग बॉटल आमची आम्ही बनवलेली. लोणच्याच्या बरणीच्या तळाला प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून वाळवायचं आणि त्यावर इथाइल ॲसिटेटचे थेंब टाकायचे. भुंगा आत गेला की थोडा वेळ फडफडतो, मग निपचित पडतो. पहिल्यांदा मला ते बघवलं नाही. उदगीर म्हणाली, "तू तोंड फिरव, मी बघूलालाव."

खरी परीक्षा सुई टोचायला घेतल्यावर. सुई कुठं टोचायची ते ठरलेलं असतं. भुंग्याला उजव्या कडक पंखावर, मधल्या रेषेवर नाही, कारण मधल्या खुणांवरून तो ओळखायचा असतो. ढेकणाच्या जातीच्या किड्याला पाठीवरच्या त्रिकोणात. फुलपाखराला छातीच्या बरोबर मध्ये, आणि मग लाकडी पाटीवर कागदाच्या पट्ट्यांनी पंख पसरून दाबून ठेवायचे. हात थोडा जरी थरथरला तर पाय गळून पडतो. किडा दोन दिवस राहून कडक झाला असेल तर ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून आधी मऊ करायचा. धारूरच्या मुलीचा हात इतका स्थिर होता की आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली फुलपाखरं घेऊन तिच्याकडे यायच्या. ती पलंगावर मांडी घालून बसायची, दातात ओढणीचं टोक धरायची आणि श्वास रोखून सुई घालायची. असा हात कुणाकडून आला, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "मायकडून. ती खुडणी करती, कापूस वेचती, ऊस तोडती. तिच्या हाताला कधी कापलेलं नाही."

ब्लिस्टर बीटलचा फोड तिच्याच मनगटावर आला होता. घाईत तिनं तो हातानं पकडला.

प्रत्येक किड्याखाली लेबल. ठिकाण, तारीख, गोळा करणाराचं नाव. त्याच्याखाली दुसरं लेबल, गणाचं: कोलिऑप्टेरा म्हणजे भुंगे, हेमिप्टेरा म्हणजे ढेकूण-तुडतुडे, लेपिडोप्टेरा म्हणजे फुलपाखरं-पतंग. अक्षर इतकं बारीक की शिसपेन्सिलला चार-चार वेळा टोक करावं लागायचं. माझ्या डब्यात सगळ्या लेबलांवर "परभणी" आहे आणि माझं नाव आहे. पण खरं सांगायचं तर निम्मे किडे एकटीनं धरलेले नाहीत. एकीनं दिवा लावला, दुसरीनं चादर धरली, तिसरीनं बरणीचं झाकण बंद केलं. रात्री साडेदहाला दिव्याखाली कोणता किडा येणार आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. तिथं राहणाऱ्याला तो सापडतो.

धारूरच्या मुलीबद्दल अजून सांगायचं आहे. तिचे आईवडील एक कोयता. म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, दसऱ्यानंतर ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचं आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळा लागता लागता परत यायचं. त्यामुळे दिवाळीला तिच्या घराला कुलूप असायचं. पहिल्या वर्षी हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. दिवाळीची सुट्टी लागली, मेस बंद होणार, सगळ्या बॅगा भरतायत आणि ही पलंगावर बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. उदगीरनं विचारलं, तुझी गाडी कितीची? ती म्हणाली, जाईन उद्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती माझ्याबरोबर सेनगावला आली. मायनं तिला पहिल्या दिवशी पाहुणी म्हणून पाटावर बसवलं, दुसऱ्या दिवसापासून ती करंज्या लाटत होती. पुढच्या वर्षी ती उदगीरला गेली, त्यानंतर पुन्हा आमच्याकडे. ऊसतोडीच्या त्या महिन्यांत उघडं असलेलं तिचं एकच घर होतं, आमची खोली. आम्ही घरी जाताना "घरी चालले" म्हणायचो. ती बाहेरून खोलीवर परत येताना तेच म्हणायची.

मेसचं एक सांगते, कारण ते मला विसरता येत नाही. मुलीच मेस चालवायच्या. दर महिन्याला एकजण सेक्रेटरी, तिनं मोंढ्यातून धान्य आणायचं, मंडईतून भाजी, गॅस, दूध, किराणा, आणि महिनाअखेरीला खर्च भागून प्रत्येकीचं बिल काढायचं. माझा महिना आला तेव्हा मी ठरवलं होतं की बिल कमी आणायचं. कारण ज्यांच्या घरून पैसे उशिरा येतात त्या मुली बिल लागलं की दोन दिवस गप्प असतात, हे मी बघत होते. मोंढ्यात ज्वारी स्वस्त मिळाली. दोन क्विंटल घेतली, पोत्यात हात घालून वरची मूठ बघितली आणि टेम्पोत टाकली. आठ दिवसांनी मधलं पोतं उघडलं तर आत सोंडे. पीठ झालेले दाणे, भोकं पडलेले दाणे. साठवणीतल्या किडींचा तास त्याच आठवड्यात झाला होता. पोत्याच्या मध्यातून नमुना घ्यायचा, हे मी स्वतः वहीत लिहिलं होतं आणि मोंढ्यात उभी असताना मला ते आठवलं नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही, चाळणी घेऊन गच्चीवर गेले. एकटीनं दोन क्विंटल किती चाळणार? तासाभरानं उदगीर वर आली, मग धारूर, मग शेजारच्या दोन खोल्या. दिवसभर ज्वारी उन्हात पसरली, चाळली, पाखडली, पुन्हा पसरली. एकीनंही मला शब्दानं दुखवलं नाही. चाळून उरली ती दीड क्विंटल. बिल त्या महिन्यात जास्तच आलं. आता अण्णा बाजारातून कुठलंही धान्य आणोत, मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते.

परीक्षा झाल्या, निकाल लागले, नापास-पास झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. २०२३ च्या खरिपाचं मात्र आहे.

पाचव्या सत्रात पीक उत्पादनाचं प्रात्यक्षिक असतं. विद्यार्थ्यांना जमिनीचा तुकडा मिळतो आणि पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं आपण करायचं. आम्हा तिघींना मिळून दीड गुंठा आला. सोयाबीन, वाण एमएयूएस ७१. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासली, रायझोबियम हे जिवाणूंचं खत बियाण्याला चोळलं, पंचेचाळीस सेंटिमीटरवर ओळी आखल्या. पाऊस त्या वर्षी उशिरा आला. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही हा नियम आणि रोज संध्याकाळी आभाळाकडे बघणाऱ्या आम्ही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलं. जुलै चांगला गेला. मग ऑगस्ट लागला आणि पाऊस थांबला. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. हे नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की पीक फुलात आलंय आणि ओळींच्या मधून बोट जाईल एवढी भेग पडलीय.

सोयाबीनला पाणी कमी पडलं की दुपारी त्याची पानं उलटी फिरतात. खालची फिकट बाजू वर येते आणि सगळा प्लॉट पांढुरका दिसायला लागतो. पहिल्या दिवशी ते बघून मी घाबरले. आमच्या सरांनी सांगितलं, दुपारचं बघून घाबरू नका. दुपारी कोणतंही पीक मान टाकतं. पहाटे या. रात्रभरात पान सरळ झालं असेल तर मुळाला अजून काहीतरी मिळतंय. पहाटेसुद्धा पान पडलेलंच असेल तर मात्र पीक हातचं चाललं.

त्या दिवसापासून आम्ही रोज पहाटे साडेपाचला प्लॉटवर जायला लागलो. वसतिगृहापासून वीस मिनिटं चालत. अंधुक उजेडात वाकून पानांना हात लावायचा. सरळ आहेत. उद्याही आहेत का बघू. मग दिवस उगवेपर्यंत सायकल कोळपं ओढायचं. एक ओढायची, दुसरी मागून ढेकळं फोडायची, तिसरी भेगांत माती ढकलायची. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं घरी ऐकत आले होते. का, ते तिथं कळलं. वरची माती भुसभुशीत झाली, भेग बुजली, की खालचा ओलावा उडायला वाट राहत नाही. पोटॅशियम नायट्रेटची फवारणी केली, दुकानात १३:००:४५ म्हणून मिळतं ते खत, दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम. पंप धारूरच्या पाठीवर, कारण आमच्यात ताकद तिलाच.

रात्री अण्णांचा फोन यायचा. आमच्याकडेही तीच उघडीप. आधी अण्णा फक्त "जेवलीस का" विचारायचे. त्या ऑगस्टमध्ये एका रात्री थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुमच्या तिथं काय करून राहिलेत लोकं?"

शेतीतलं काही अण्णांनी मला विचारलं, ते आयुष्यात पहिल्यांदा. मी सगळं सांगितलं. पहाटेच्या पानाचं, कोळपणीचं, शंभर ग्रॅमचं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वसमतहून आणवून एका एकरावर फवारलं. पहाटे उठून पानंही बघायला लागले. मग आमचे फोन पहाटे व्हायचे. "सरळ हायेत." "आमचीही." बाकी काही बोलणं नसायचं.

सव्विसाव्या का सत्ताविसाव्या पहाटे उदगीर खाली बसली ती उठेचना. हात लावला तर पान पडलेलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. एकेक ओळ तपासत गेलो. उताराच्या बाजूच्या ओळी गेल्या होत्या, वरच्या बाजूच्या अजून तग धरून होत्या. त्या दिवशी तासाला कुणाचंच लक्ष नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाऊस आला तेव्हा आम्ही भिजत प्लॉटवर गेलो. चप्पल चिखलात अडकून राहिली, अनवाणी उभ्या राहिलो. काळ्या मातीला पाण्याचा पहिला वास येतो तो आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून घेतला होता, पण तो आपण पेरलेल्या जमिनीचा असला की वेगळा लागतो.

चौदा किलो निघालं. दीड गुंठ्यात, त्या वर्षी. सरांनी वहीत लिहिलं आणि वर पाहून म्हणाले, ठीक आहे.

दहा वाजता वर्गात येऊन पाचला घरी जाणाऱ्याला दुपारचीच पानं दिसली असती. मोबाइलवर शिकणाऱ्याला तर पानाचा फोटो. पहाटेचं पान कसं दिसतं हे कळायला रात्री तिथं असावं लागतं. पुढे कधी कुणी मला विचारलं की एवढा खर्च करून पोरींना वसतिगृहात कशाला ठेवायचं, घरूनच शिकू द्या, तर मी त्यांना त्या ऑगस्टबद्दल सांगेन.

जानेवारीत हुरडा झाला. ज्वारीच्या प्लॉटच्या कडेला गोवऱ्यांची आगटी, कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. विद्यापीठानं हुरड्यासाठी परभणी वसंत नावाचं वाणच काढलंय, त्याचे दाणे गोड आणि कणसातून सहज सुटतात. पुढच्या वर्षी रावे आलं. ग्रामीण कृषी कार्यानुभव हे पूर्ण नाव, पण ते कुणीच घेत नाही. सेलू तालुक्यातल्या एका गावात राहून निंबोळी अर्क करून दाखवला, बीजप्रक्रिया दाखवली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामानाचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथं इतका पाऊस झाला की आदल्या वर्षीच्या त्या भेगा आठवून रडू आलं. ज्या काकूंच्या घरी आमचा मुक्काम होता त्यांच्या मुगाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. काकू शेंगा सोलत बसल्या आणि आम्ही त्यांच्याबरोबर बसलो. त्या दिवशी आम्ही फळ्यावर काही लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी नो ड्यूजच्या फॉर्मवर सह्या घेत फिरलो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मेस, वसतिगृह. खोलीची किल्ली धारूरनं दिली, कारण ती म्हणाली की मला देऊ द्या. भिंतीवर तिच्या पलंगाच्या डोक्याशी सुयांची बारीक भोकं होती. कीटकांना टोचायची पिन ती रात्री तिथंच खोचून ठेवायची. उदगीर आता राहुरीला एम. एस्सी. करतेय. धारूर जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत लागली आणि पहिल्या पगारातून आईच्या नावानं उचलीचा हप्ता फेडला. यंदा तिची माय कारखान्यावर गेली नाही. दिवाळीला धारूरच्या घराला कुलूप नव्हतं. तिनं आम्हाला उंबऱ्याचा फोटो पाठवला, पणती लावलेला. खाली काही लिहिलं नव्हतं.

मी घरी आहे. कृषी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि सकाळी अण्णांबरोबर शेतात जाते. यंदाच्या सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं, तूर बांधाच्या बाजूची तेवढी राहिली. डबा माझ्या टेबलावर असतो. डांबरगोळ्या बदलायला परवा तो उघडला होता. त्याच वेळी अण्णा शेतातून आले आणि खिशातून काडेपेटी काढून माझ्यासमोर ठेवली.

"शेंगेला चिकटलेलं होतं. बघ बरं कोण हाय ते."

काडेपेटीत करड्या रंगाचा, काटेरी खांद्यांचा किडा. अजून जिवंत. मी उलटा करून बघितला. सोंडेसारखी चोच पोटाखाली दुमडलेली. "शेंगेवरचा ढेकूण आहे अण्णा. दाण्यातला रस ओढतो."

"मग लाव की ह्याच्यात."

बरणी काढली. सुई पाठीवरच्या त्रिकोणात घातली, हात स्थिर राहिला. दोन दिवस वाळू दिला. लेबलाचा कागद कापला, शिसपेन्सिलला टोक केलं. ठिकाणाच्या जागी पहिल्यांदाच आमच्या गावाचं नाव लिहिलं, खाली तारीख. अण्णा खांद्यावरून बघत उभे होते.

"खाली माझं नाव टाकायचं?"

"ज्यानं धरला त्याचं असतं."

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, तलाठ्याला सांगतात तसं सावकाश. तेवढ्या चिठ्ठीवर ते मावेना. दोन चिठ्ठ्या खराब झाल्या. तिसरीवर मी नुसतं "अण्णा" लिहिलं आणि ढेकणाच्या खाली सरकवलं.